डाव्या खांद्यावरचं फूल

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, तर माझ्या आत्याचे. राजगुरुनगरजवळच्या तिच्या घरी राहून मी शाळा केली आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. मला आकुर्डीच्या कॉलेजात घालावं की नाही, हे तिने गावच्या देवीला विचारलं होतं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. माझ्या वेळी उजवं पडलं. तेव्हा या पद्धतीत मला अशास्त्रीय असं काही आढळलं नाही.

यंदा आत्याचा मोतीबिंदू पिकला. एका डोळ्याने दिसेनासं झालं, दुसरा त्याच वाटेवर. डॉक्टर म्हणाले, लांबवू नका. आत्याने देवीला विचारलं, "ऑपरेशन करू का?" डावं पडलं. आता मात्र मला विज्ञान आठवलं.

रविवारी मी रहाटणीहून तिच्याकडे गेलो, शिकलेल्या माणसाचा चेहरा करून. टीव्हीवर हिंदीत डब केलेली अवकाशयानाची मालिका लागली होती. भाग अगदी माझ्या सोयीचा. परग्रहावरची एक जमात पूर्वजांच्या आत्म्याला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाही. डोंगर फुटायला आलाय, आणि घट्ट कपड्यांतले शोधक त्यांना "इथून निघा" म्हणून समजावताहेत. आत्या टीव्हीला नाक लावून बसली होती. मी मनात म्हटलं, देवानेच संधी दिली.

"बघ आत्या, आत्म्याचं ऐकत बसले तर सगळे मरतील."

"ह्यांना बोलावलं कुणी पण?"

"वाचवायला आलेत ते!"

"मग नीट सांगावं की. त्यो कॅप्टन बघ, बुटासकट देवळात शिरलाय. कोण ऐकंल त्याचं?"

"अगं, पण डोंगर फुटतोय..."

"तू बी तसलाच. अजून पाणी प्याला न्हाईस, आन् मला डोळ्याचं शास्तर शिकवाया लागलास!"

कॅप्टनने जाहिराती धरून तासाभरात अख्खी जमात वळवली. मी एका आत्यापुढे हरलो आणि जेवून बसने परत आलो.

त्याच आठवड्यात आमच्या चाकणच्या कंपनीत नवा रोबो बसला. जोडणीला परदेशातून एक इंजिनिअर आला होता. सगळं तयार होतं, तरी रोबो गप्प उभा, कारण गुरुजींनी काढलेला मुहूर्त शुक्रवारचा. शुक्रवारी माझ्याहून कितीतरी मोठ्या पदव्यांचे आमचे प्लांट हेड गंध लावून, नारळ धरून उभे राहिले. पाहुण्याने मला हळूच विचारलं, गुरुजी 'चालू करू नका' म्हणाले असते तर?

मला हसू आलं. म्हटलं, चालू करायचं की नाही, हे त्यांना कोण विचारतं? कधी करायचं, एवढंच विचारतात.

एवढं बोललो आणि मला आत्याचं डावं फूल आठवलं. घरी येऊन पत्र लिहायला बसलो. फोनवर 'ऑपरेशन' शब्द ऐकला की आत्या फोन ठेवते; पत्र निदान तिची सून, म्हणजे आमची वहिनी, शेवटपर्यंत वाचून दाखवते.

"आत्या, साष्टांग नमस्कार.

देवीला पुन्हा कौल लाव. पण या वेळी 'करू का' असं विचारू नकोस. डॉक्टरांकडे मी बुधवार आणि गुरुवार, दोन्ही दिवस धरून ठेवलेत. उजवं पडलं तर बुधवारी करू, डावं पडलं तर गुरुवारी. देवी म्हणेल तसं. मी सुट्टी दोन्ही दिवसांची टाकली आहे.

तुझा भाचा"