मोहाचे डोहाळे

माझ्या नवऱ्याचा डावा कान लहानपणापासून वाहतो, आणि त्याचं खापर आमचं सगळं घर सुक्या बोंबलावर फोडतं. तो पोटात असताना सासूला बोंबील खावासा वाटला होता. घर माळकरी, आणणार कोण? डोहाळा तसाच राहिला आणि पोराचा कान फुटला. डॉक्टर काहीही म्हणोत, मुरबाडकडच्या माझ्या सासरी हे ठरलेलं आहे.

अशा घरात मी पोटुशी राहिले आणि एक दिवस फोनवर माझ्या आईला म्हणाले, "आये, मोहाची लय आठवण येते गो. जिभेवर चव फिरते नुसती."

मी डोळखांबकडची. आमच्याकडे मोहाची फुलं सुकवून ठेवतात, मग भाजून, तीळ घालून कुटतात. मला ती खायची होती. पण सासरी 'मोहाची' म्हटलं की एकच वस्तू, बाटलीतली. आणि सासू नेमकी दाराआड उभी. तिने कपाळाला हात लावला.

"अहो आत्या, फुलं! फुलं म्हनत होते मी."

"फुलं म्हनं! पयलीच खेप हाय, लाजते," ती शेजारणीला म्हणाली.

झालं! मी चिडले की 'बघा, तलफ आली'. गप्प बसले की 'बघा, झुरते बिचारी'. नाही म्हणायची सोयच उरली नाही. आईने फुलांची पुरचुंडी पाठवली, ती मी बसून खाल्ली, तर सासू म्हणाली, "खऱ्याची भूक खोट्यावर भागवते गो पोर."

शेवटी सासऱ्यांना पाड्यावर पाठवलं. गळ्यात तुळशीची माळ, हातात दुधाची किटली, आणि किटलीत मोहाची. जन्मात ज्या माणसाने कांदा खाल्ला नाही, त्याच्या किटलीतून वाटेत थोडी धोतरावर सांडली. संध्याकाळी भजनात एरवी लांब बसणारे दोघं-तिघं त्यांना येऊन चिकटले. "मामा, कुठली हो? वास बेस हाय." सासरे त्या दिवशी अभंग अर्धा सोडून घरी आले आणि अंगणात स्वतःवर बादली ओतून घेतली.

गावातली, सरकारी दवाखान्याचं काम बघणारी आशाताई आली. तिने बजावून सांगितलं, पोटुशीने थेंबसुद्धा घ्यायचा नाही, आई पिते ते पोर पितं.

"आनि कान फुटला तर? तू येशील भरून द्यायला?" सासूने तिला गप्प केलं.

मग तोडपाणी सुरू. चमचाभर चालेल का? नुसतं बोट बुडवून? नवरा म्हणाला, "पोर अर्धं माजं पन हाय. तिच्या वाटनीची मी घेतो." त्याचा चेहरा बघायला हवा होता, इतका त्यागी मी तो कधी पाहिला नव्हता. सासूने त्याला लाटणं दाखवलं.

तुम्ही हसाल, मीही हसत होते. पण मला भीती वाटत होती. कारण मी पाहिलेलं होतं. माझ्या ताईची मुलगी. अंगाने बारकी, डोळे बारके, शाळेत कितीदा घोकलेलं अक्षर दुसऱ्या दिवशी तिला नवं असतं. पाणी आण म्हटलं तर माठापर्यंत जाते आणि तिथेच उभी राहते. शहापूरच्या डॉक्टरांनी ताईला विचारलं होतं, पोटुशी असताना घ्यायचीस का? ताईने 'हो' म्हणून मान हलवली होती. ही गोष्ट तिने फक्त मला सांगितली होती. सासरी मी ती बोलले असते तर सगळे ऐकून गप्प झाले असते, पण ताईची लाज वेशीला टांगली गेली असती. म्हणून मी ती पोटातच ठेवली.

ओटीभरणाचा दिवस आला. आमच्याकडे झाकलेल्या दोन वाट्या ठेवतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. माझ्यापुढे तिसरीही वाटी होती, आणि तिच्यात काय आहे ते झाकण न काढताच ओसरीपर्यंत कळत होतं. बायका पदर नाकाला लावून गाणी म्हणत होत्या.

"घे गो," सासू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माज्या नातवंडाचा कान नको फुटायला. एक घोट. मी हात जोडते."

तिने खरंच हात जोडले. पन्नास बायका बघत असताना सासू सुनेपुढे हात जोडते, काय करायचं माणसाने? माझा हात वाटीकडे गेला.

माहेरच्या बायकांबरोबर आलेली ताई उठली. तिने माझा हात बाजूला केला आणि लेकीला ओढून सासूपुढे उभी केली.

"मावशी, हिचा कान बघा. कोरडा हाय. माजे समदे डोहाळे पुरवले व्हते घरच्यांनी. हेच डोहाळे. रोज पुरवले."

गाणी थांबली. मुलगी सगळ्यांकडे बघून हसली. तिला वाटलं, आपलं कौतुक चाललंय.

सासूने पुढे होऊन पोरीच्या कानाला हात लावून बघितला. मग वाटी उचलून मागच्या दाराने गेली, परत आली ती हात धुऊन. पोरीला तिने मांडीवर घेतलं आणि विचारलं, "तुला काय खावंसं वाटतं गो, बाय?"

पोरगी खूश झाली. सांगायला तोंड उघडलं आणि मध्येच विसरली. सासू तिच्या तोंडाकडे बघत थांबून राहिली.