दौलत गुरुजींचं बोट

आमच्या भिवंडीतल्या शाळेत पोराचं नाव घालताना एक रीत होती. आईबाप पोराच्या मुठीत दौलत गुरुजींचं बोट द्यायचे आणि मागे न बघता निघून जायचे. लूमवाल्यांची हिंदी बोलणारी पोरं, राहनाळच्या शेतकऱ्यांची, डोंगरपाड्यावरची, सगळी त्याच बोटाला लटकलेली. मी शेजारच्या वर्गावर होते. तुमचं बोट झिजणार एक दिवस, असं त्यांना चिडवायचे.

शहात्तर साली वरून हुकूम आला. प्रत्येक मास्तरानं नसबंदीला माणूस आणायचा, नाहीतर पगार बंद. मी भांडले. गुरुजी भांडणाऱ्यांतले नव्हतेच. ते पाड्यावर गेले आणि जान्याला घेऊन आले. जान्याला भागी ही एकुलती एक मुलगी, गुरुजींच्याच वर्गात दुसरीला. डॉक्टर तपासणार आहेत, संध्याकाळी घरी, एवढंच गुरुजींनी त्याला सांगितलं. कसली तपासणी, हेही जान्यानं विचारलं नाही. गुरुजी जीपमध्ये बसवतायत म्हटल्यावर तो बसला.

जान्याची फसवून नसबंदी केल्याची बातमी पसरली आणि वर्ग ओस पडला. लूमवाले काय, शेतकरी काय, कुणी पोर पाठवेना. गुरुजी रिकाम्या वर्गात हजेरी घ्यायचे. माझा संताप अनावर झाला. विश्वासानं आलेला माणूस तुम्ही विकलात, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले. ते पुढचं नाव पुकारत राहिले.

काही दिवसांनी जान्या आला, पाय जपून टाकत. सोबत भागी. गुरुजी भिंतीला टेकले. हा आता मारणार, असं त्यांना वाटलं असावं. जान्यानं नाव घालताना दिलं होतं तसंच भागीच्या मुठीत त्यांचं बोट दिलं.

"आता येवढीच हाय, गुरुजी. दुसरी व्हायची न्हाय. तिला बगा."

ते पाहून बाकीची पोरंही हळूहळू परत आली. पण गुरुजींना त्या वाक्यानं झपाटलं. भागी पाणी प्यायला उठली की त्यांचा खडू थांबायचा. तिला साधा खोकला झाला तरी ते पाड्यावर जाऊन दाराशी बसायचे. शाळा सुटली की तिला देवकीच्या, तिच्या आईच्या, हवाली केल्याशिवाय घरी जायचे नाहीत.

चौथी होऊन भागी शाळेतून गेली. त्या जूनमध्ये एक बाई नवं पोर घेऊन आली, तेव्हा गुरुजींनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

"माझ्याकडे नका देऊ," ते म्हणाले.

पोर रडायला लागलं. शेवटी मी माझं बोट पुढे केलं. त्या चिमुकल्या मुठीनं ते आवळलं आणि मला भीती वाटली.