मामांच्या हातात आलेला नट

“बळीराममामाला नका बोलावू, अण्णा. हात गेले त्यांचे. मागच्या दुष्काळात टँकरचं काय केलं, ठाव हाय न्हवं?”

आज सकाळी दूध संस्थेच्या आवारात टँकर पुन्हा बंद पडला होता आणि त्याचा ड्रायव्हर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगत होता. अण्णा संस्थेचे चेअरमन. मी ऑफिसच्या खिडकीशी होते. मामांनी काहीच केलं नव्हतं. हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्या वर्षी संस्थेचा टँकर गावाला पाणी आणायचा. त्याच्या इंजिनाला सायलेन्सरकडे धूर नेणारा पाइप, मेनिफोल्ड, जिथे जोडतात, तिथला एक बोल्ट तुटून आतच अडकला. मामा गावातले जुने मेकॅनिक. त्यांनी तुटक्या टोकावर वेल्डिंगनं एक नट चिकटवला. नट पान्यानं फिरवला की बोल्ट बाहेर. पण लगेच नाही; गरम असताना जोर दिला तर बोल्ट पुन्हा तुटतो.

“ताई, आपोआप गार होऊ द्या. कुणाला हात लावू देऊ नका. म्या भाकर खाऊन आलोच.”

राखणीला मी. बीडला इंग्लिश शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी — मी कशाला हात लावणार?

“झालं का गं?” हंडे घेऊन बसलेल्या एका बाईनं विचारलं. दुसरी हसली, “तिला काय इचारतीस? काचेची बरणी हाय ती.”

त्या बोलण्याला दोष देऊ? नाही. मला करून दाखवायचं होतं, एवढंच. बायका सावलीला सरकल्या तशी मी पाना लावला, जोर दिला. कट् — नट तुटक्या टोकासकट माझ्या हातात. उरलेला बोल्ट आणखी आत.

इथवर चूकच म्हणता येईल. पण पुढचं? मी नट गार होऊ दिला — आता मला धीर होता! — बोटभर ग्रीस लावलं आणि होता तिथे परत चिकटवला. हात पुसले.

मामा आले. पाना लावताच नट गळून त्यांच्या हातात आला, सगळ्यांदेखत.

“ताई, कुणी हात लावलता का?” ड्रायव्हरनं विचारलं. मी मान हलवली. नाही.

मामांनी स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले. “माझंच वेल्डिंग चुकलं. बोल्ट लई तापला, ठिसूळ झाला,” म्हणाले. आत राहिलेला बोल्ट काढायला इंजिनाचा वरचा भाग, हेड, उतरवून बीडला न्यावा लागला. आठ दिवस गावाला टँकर नव्हता. त्यानंतर मामांना कुणी गाडीला हात लावू दिला नाही.

आणि मी? रस्त्यात भेटले की त्यांना नमस्कार करत राहिले. कसा करू शकले?

आज मी पायऱ्या उतरून आवारात गेले. सगळे वळून बघायला लागले. माझा आवाज एवढा चढतो, हे मलाच माहीत नव्हतं.

“अण्णा, तो बोल्ट मी तोडला. आणि नट ग्रीसनं परत चिकटवला — मामांच्या हातात यावा म्हणून.”