हाक मारली की मागं बघायचं नाही

परळच्या आमच्या चाळीत कुशाबा पहिल्या मजल्यावर टोकाच्या खोलीत राहायचा. गिरणगावात राहून गिरणीचं तोंड न बघणारा माणूस म्हणजे आम्हाला अर्धवटच वाटायचा. हा झाडं पाडायचा. शिवडीच्या एका कंत्राटदाराकडे तो आणि शेजारच्या खोलीतला सीताराम एका लांब करवतीची दोन टोकं चौदा वर्षं ओढत होते. दोघं एकाच गावचे, देवगडकडचे. करवत टांगलेली असायची कुशाबाच्या भिंतीला आणि तिला तेल लावायला सीताराम रोज संध्याकाळी यायचा. दोघांचं नवराबायकोसारखं चालतं, असं सीतारामची बायको रखमाच हसून म्हणायची.

मुंबईत झाड पाडणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. इकडे भिंत, तिकडे विजेच्या तारा, पलीकडे कुणाची तरी कौलं. कुशाबा आधी कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं खोडावर तीन ठोके मारायचा. वस्तीला असलेल्या पाखरांना ती सूचना, असं तो म्हणायचा. खरं तर खोड आतून पोकळ आहे का, ते त्याला त्या आवाजावरून कळायचं. मग झाड जिकडे पाडायचं तिकडून खाच आणि उलट बाजूनं करवत. पण करवत आरपार न्यायची नाही. मध्ये तीन बोटं लाकूड राखायचं, दाराच्या बिजागरीसारखं, म्हणजे झाड भलतीकडे वळत नाही. आणि या सगळ्याच्या आधी पळायच्या वाटा. दोघांच्या दोन, मागे तिरक्या जाणाऱ्या, दगडधोंडे उचलून साफ केलेल्या.

"वाट आधी, कुऱ्हाड मागनं," हे त्यानं मला शंभरदा ऐकवलं असेल. मी गिरणीच्या ऑफिसातला कारकून, पेन्सिलीपलीकडे आयुष्यात काही तासलं नाही. पण ऐकून घ्यायचो.

खोड करकरायला लागलं की कुशाबा ओरडायचा, "सुटला!" त्याचा आवाज म्हणजे भोंगाच. करवत तिथंच टाकून दोघं आपापल्या वाटेनं पळायचे. हाक मारली की मागं बघायचं नाही, हा त्यांचा नियम. बघणारा अडखळतो आणि अडखळला तो गेला. चौदा वर्षांत दोघांना साधं खरचटलं नव्हतं.

सत्तावन्न सालच्या थंडीत कंत्राटदारानं पेट्रोलवर चालणारी करवत आणली. दिवसाचं काम तासात. ती धरायला ताकद लागायची, म्हणून सीतारामकडे दिली. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "कुशा, हिच्या आवाजात तुझी हाक मला ऐकू येईल काय रे?"

"माझी हाक?" कुशाबा हसला. "शिवडीला मारली तर माहीमला जेवता माणूस उठेल."

हे त्यानंच मला पुढे सांगितलं. सांगताना स्वतःच्या तोंडावर दोन थपडा मारून घेतल्या.

शिवडीलाच एका गोदामाच्या आवारात जुनी चिंच होती. ठोके झाले, वाटा झाल्या, खाच झाली. सीताराम वाकून मशीन चालवत होता, कुशाबा बाजूला खोडावर हात ठेवून उभा. खोड हाताखाली थरथरलं. कुशाबा ओरडला आणि पळाला. वीस पावलांवर पायाखालची जमीन हादरली तेव्हा तो थांबला, वळला. सीताराम पळालेलाच नव्हता. झाड पडताना बुंधा मागे उसळला होता. सीताराम त्याच्याखाली होता आणि मशीन मात्र बाजूला पडून धडधडतच होतं.

तेराव्यानंतर रखमानं त्याला चाळीच्या गॅलरीत सगळ्यांसमोर विचारलं, "भावजी, तुम्ही हाक मारली काय?"

"मारली, वहिनी."

"तुमची हाक खाली रस्त्यावर ऐकू येते. मग दोन हातांवरच्या माणसाला कशी नाय आली?"

मशीनचा आवाज होता, असं तो पुटपुटला. पण फाटकापाशी उभे असलेले हमालही म्हणत होते की आम्ही काही ऐकलं नाही. रखमानं दार लावून घेतलं. चाळीनं निकाल दिला: घाबरला, गप पळाला, सोबत्याला मारलं. खोटं कशाला बोलू, त्यात मीही होतो.

कुशाबानं ते काम सोडलं, लाकडाच्या वखारीत ओझी उचलू लागला. रखमा त्याच्याशी शब्द बोलेना. नळावर तो आला की हंडा अर्धा भरलेला असला तरी उचलून निघून जायची. आणि कुशाबानं आवाज चढवणंच सोडलं. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आमच्या मोर्च्यांनी लालबाग दणाणून जायचं. कुशाबा प्रत्येक मोर्च्यात यायचा, पण ओठ घट्ट मिटून. "तोंडात मिठाची गुळणी धरून आलायस का रे?" असं मी चारचौघांत त्याला विचारायचो. लोक हसायचे. आता आठवलं की स्वतःची लाज वाटते.

साठ साली एक मेच्या सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबूची उंच कमान उभी केली होती. व्यवस्था माझ्याकडे. कुशाबानं वर पाहून मला म्हटलं, "डाव्या अंगाचा दोर ढिला हाय."

"आज तरी अपशकुन करू नको," मी खेकसलो.

ढोलताशे, लेझीम, घोषणा. शेजारच्याचं बोलणं कळत नव्हतं. बायका ओवाळायला कमानीखाली उभ्या होत्या, त्यांत रखमा. मी कुशाबाच्या शेजारी होतो. एकदम त्याचं तोंड उघडलं, मानेच्या शिरा टरारल्या. तो "सुटला!" म्हणून ओरडला. मला ते दिसलं; हातभर अंतरावर असून ऐकू मात्र फार थोडं आलं. बायकांपैकी एकीनंही मान वळवली नाही. मग तो कमानीकडे धावला, सरळ तिच्याखाली. रखमाला त्यानं ढकललं, तिच्या धक्क्यानं बाकीच्याही बाजूला झाल्या आणि कमान कोसळली. एक बांबू त्याच्या खांद्यावर बसला.

वाद्यं थांबली. रखमा रस्त्यावर बसली होती, आरतीचं ताट सांडलेलं. अडीच वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही हाक मारली?"

"मारली."

"मला नाय ऐकू आली." ती म्हणाली. "मग त्यांनाय नसंल आली."

कुशाबाचा चेहरा असा झाला की मला वाटलं, सुटला हा माणूस आता. मला रडू आलं. पण रखमा त्याच्याकडे बघतच होती.

"आज हाक मारून तुम्ही मागं फिरलात, भावजी," ती हळू म्हणाली. "त्या दिवशी का नाय फिरलात?"

नियम होता, हे तिलाही ठाऊक होतं. कुशाबानं तो सांगितला नाही. दुखरा खांदा धरून तो म्हणाला, "फिरायला पायजे होतं, वहिनी."

तिनं ताट उचललं आणि ती घरी गेली.

त्यानंतर रखमा त्याच्याशी बोलायला लागली. नळाला पाणी आलंय, गावचं पत्र आलंय, इतपत. कुशाबा उत्तर द्यायचा, पण मान वर करून दिलेलं मी कधी पाहिलं नाही. करवत त्याच्या भिंतीवर तशीच होती. तिला तेल लावायला तो रोज संध्याकाळी बसायचा आणि आपल्या टोकापासून निम्म्यापर्यंतच लावायचा.