गेनेसरेतचा सूर्यास्त

मंजूषा देवल बोलायला गोड आहे, पण डूख धरणारी बाई आहे. तिची मैत्रीण म्हणून मी हे कौतुकानेच सांगते.

पुण्यात ती शाळेत भूगोल शिकवायची. नवऱ्याच्या, म्हणजे रवींद्रच्या, नोकरीमुळे हॉलंडमधल्या वाखनिंगनला आली आणि घरात बसून पार कंटाळली. २००६च्या दिवाळीत तिने बाल्कनीत किल्ला केला. तो बघून रवींद्रचा ऑफिसातला मित्र शैलेंद्र म्हणाला, "वहिनी, इथल्या चर्चला प्रदर्शनासाठी बायबलमधल्या गालिली सरोवराकाठच्या गेनेसरेत मैदानाचा देखावा हवाय. तुम्ही करा, डच बोलायचं मी बघतो."

जो देखावा करेल, त्यालाच पुढे दर बुधवारी शाळेच्या मुलांना शिकवायचं काम मिळणार होतं. मंजूषाला पुन्हा मुलांसमोर उभं राहायचं होतं. बाकी तिला काही नको होतं.

तिने नकाशे जमवले. ज्वालामुखीच्या खडकाची काळी माती दिसावी म्हणून कोळशाची पूड मिसळली, डोंगरातून उतरणारे ओढे कोरले, किल्ल्यावर पेरतात तसे अळीव पेरून मैदान हिरवंगार केलं. समुद्रसपाटीच्या खाली असूनही सोन्यासारखं पिकणारं मैदान. डच लोकांना ते घरचंच वाटणार होतं.

देखावा चर्चमध्ये पोचला आणि गावच्या वर्तमानपत्रात शैलेंद्रचा फोटो झळकला. कल्पना आणि काम आपलं, वहिनींनी माती मळायला मदत केली, असं त्याने सांगितलं होतं.

"जाऊ दे ना, मित्र आहे," रवींद्र म्हणाला.

मंजूषाने जाऊ दिलं नाही. शैलेंद्र मुरुडचा. पाणी पश्चिमेला आणि डोंगर पूर्वेला, हे त्याच्या अंगात मुरलेलं. गेनेसरेतला नेमकं उलटं आहे. उद्घाटनाच्या सकाळी फुलं ठेवायच्या निमित्ताने ती सभागृहात गेली आणि देखाव्यावरचा उत्तर दिशेचा बाण काढून पर्समध्ये टाकला. त्याआधी शेजारणीकडून डचमधली चार वाक्यं घोटून ठेवली होतीच.

शैलेंद्र रंगात येऊन बोलला. शेवटी पाण्याकडे हात करून म्हणाला, "संध्याकाळी सूर्य या सरोवरात बुडतो, तेव्हा मच्छीमारांच्या होड्या सोनेरी होतात."

पहिल्या रांगेतले म्हातारे पाद्री त्या सरोवराकाठी बरीच वर्षं राहिलेले. "माझ्या खिडकीतून तो पाण्यावर उगवायचा," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही बांधताना पूर्व कुठे धरली होती?"

शैलेंद्र देखाव्यावर बाण शोधू लागला. मंजूषाशेजारी बसलेल्या मला इतका आनंद झाला की काय सांगू.

मंजूषा उठली. सरोवर पूर्वेला, डोंगर पश्चिमेला, सूर्य मावळतो तो या डोंगरांमागे. एकेका ठिकाणी बोट ठेवत तिने चारही वाक्यं म्हटली. प्रदर्शन समितीच्या बाईंनी विचारलं, हे कोणी केलंय? ती म्हणाली, मी. बुधवारचं काम तिला तिथेच मिळालं.

बाहेर सायकलींपाशी शैलेंद्रने आम्हाला गाठलं. चेहरा लाल झाला होता.

"चूक होणार हे तुम्हाला माहीत होतं, वहिनी. मला बाजूला घेऊन सांगायचं होतंत. चारचौघांत लाज गेली माझी."

मंजूषाने सायकलचं कुलूप काढलं.

"चारचौघांत जावी म्हणूनच इतके दिवस गप्प बसले होते, भावजी."