बन्सीची एकतीस रोपे

२८ जानेवारी २०२४, रविवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मुरगूडजवळच्या माझ्या रानात मी गव्हाचे एक पान चिमटीत धरून ओढले. बोटांना विटेच्या भुकटीसारखी पूड लागली. तांबेरा होता, गव्हाचा बुरशीचा रोग.

बांधापलीकडे शेजाऱ्याचा सुधारित वाणाचा गहू स्वच्छ उभा होता. माझा दोन गुंठ्यांतला गहू जुना बन्सी. शेवयांना त्याच्या तोडीचा दुसरा नाही. मात्र तांबेरा त्याला लवकर धरतो. हे मला ठाऊक होते. शिवाय बी माझे नव्हते. गावात शेवया करून विकणाऱ्या एका भाभींचे होते, त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेले. त्यांच्या घरच्या रानात आता सगळा ऊस. म्हणून पेरणीच्या वेळी त्यांनी होते नव्हते तेवढे बी माझ्या हवाली केले. घरी दाणाही ठेवला नाही. हे पीक गेले तर बी संपणार होते.

मी त्यांना फोन केला. "येते," एवढेच म्हणाल्या.

शिरोलीच्या एका कारखान्यात मी चाळीस वर्षे ओतीव मालाची तपासणी केली. दोष सापडला की पूर्ण लॉट बाद, हा तिथला नियम. त्याच सवयीने सगळा गहू कापून गाडायचे मी ठरवले आणि विळा हातात घेतला. निदान शेजाऱ्याचा तरी वाचेल.

नऊला भाभी आल्या. काखेत शेवया वाळवायचे पांढरे कापड होते. रानात पाऊल टाकताच चप्पल चिखलात रुतली.

"अण्णा, पाणी किती येळा पाजलासा?"

"दर आठ दिवसांनी."

"आन् युरिया?"

मी सांगितले.

"अवो, गहू हाय त्यो, ऊस न्हवं! लाडानं फुगवलासा आन् आता इळा घिऊन उभारलासा व्हय?"

मी विळा बांधावर ठेवला. जन्मभर उसाशेजारी राहिलेल्या माणसाचा हात पाण्याला आणि खताला सैल असतो. माजलेल्या, ओल्या पिकात तांबेरा फोफावतो. चूक माझी होती.

"औषध आणतो," मी म्हणालो.

"आणा की. पर लगेच मारायचं न्हाय. औषध मारल्यावर अंगच्या बळानं कोण तगलंय, ते कसं कळंल?"

मी औषध आणि फवारणीचा पंप घेऊन परतलो, तोवर पानांवरचे दहिवर वाळले होते. भाभींनी काम सुरू केले होते. जे रोप नजरेला हिरवे दिसेल त्याचीच पाने त्या कापडाच्या कोऱ्या घडीने खालून वर पुसत. घडी तांबूस झाली की पुढे. घडी पांढरी राहिली की कापडाची एक चिंधी फाडून त्या रोपाला सैल बांधत. घाई नाही, बडबड नाही. चिंधी बांधलेले प्रत्येक रोप मी मागून चष्मा लावून पुन्हा पाहिले. एकही चुकले नव्हते.

"तपासणी झाली काय सायेब?" त्यांनी मान न वळवता विचारले.

"झाली."

"पास का नापास?"

"पास."

माझ्या हाताखाली पुष्कळ तपासनीस तयार झाले. इतकी नजर त्यांच्यापैकी एकाचीही नव्हती. माझीही नव्हती. मी बाद काय करायचे ते शोधत आलो. त्या काय राखायचे ते शोधत होत्या.

दुपारी दोनपर्यंत एकतीस रोपे निघाली. कापड निम्मे फाटले होते, उरलेले विटकरी झाले होते. शेवयांचा हंगाम महिन्यावर आला होता.

"कापडाचे काय करणार?" मी विचारले.

"कापड बाजारात मिळतंय की, अण्णा."

पुढे बाकीच्या गव्हाचे दाणे सुरकुतले. त्या एकतीस रोपांचे भरले. आज भाभींच्या डब्यात आहे ते बी त्याच रोपांचे.

त्या दिवशी चार वाजता मी सगळ्या रानावर औषध फवारले. पंप धुऊन पालथा घातला. युरियाचे उरलेले पोते बांधापलीकडे दिले. पाण्याची पुढची पाळी आठवड्यावर होती, पण माझ्या हाताची सवय मला ठाऊक होती. सहाला मी विहिरीवर गेलो, मोटारीचा फ्यूज काढला आणि खिशात घातला.