बरं म्हण ना, दादा

आमच्या शाळेच्या ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं जे बांधून देत, त्यांना मुलं खळकाका म्हणत. ते यायच्या आधी त्यांचा खळीचा वास वर्गात यायचा. पुस्तकांचा गठ्ठा न्यायला ते स्वतः येत. एखादं फारच चिंध्या झालेलं पुस्तक दिसलं की जवळच्या मुलाला धरत. "हे तू केलंस? कान दे इकडे. पुस्तकाच्या पाठीला चिकटवायला कातडं कमी पडतंय." मूल खिदळत पळे आणि दुसऱ्या दिवशी आपणहून एक फाटकं पुस्तक घेऊन त्यांच्या दुकानात हजर होई.

दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. खिडकीशी लांब टेबल, त्यावर कागद दुमडायची हाडाची पट्टी, सुया, मेण लावलेला दोरा. भिंतीला पुठ्ठे उभे केलेले. कोपऱ्यात लोखंडी प्रेस. तिच्या वरचं चाक फिरवलं की पुस्तकं दाबली जात. काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मागच्या दोन खोल्यांत धाकटा भाऊ आणि त्याची बायको राहत.

खळकाकांच्या बोलण्यात 'बरं' फार. जन्मभर भाषा शिकवली, पण या एका शब्दाचे इतके प्रकार मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकले नाहीत. काम घेताना आखूड, ठाम 'बरं'. गिऱ्हाईक घाई करू लागलं की लांबवलेलं 'बरंऽऽ', म्हणजे तू बोलत राहा, मी माझ्या वेळेलाच देणार. कुणी फुशारकी मारली की शेवटी वर चढणारं 'बरंऽ?' मात्र नकार द्यायचा असला की हा शब्द ते वापरत नसत. कुठलाच वापरत नसत. एकदा तपासणीच्या आधी आमचे मुख्याध्यापक त्यांना म्हणाले, "मधली पानं गेलीत यातली, पण बांधून टाका हो. वरून कुणाला कळतंय?" काकांनी गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ केला, दोरी बांधली आणि हळूच त्यांच्याकडे परत सरकवला. मुख्याध्यापक पुन्हा बोलले. काका खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचं 'नाही' असं असे.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागले आणि वाचा गेली. सगळे शब्द गेले, एक उरला. तोच.

कळत मात्र सगळं होतं. मी आता निवृत्त, त्यामुळे संध्याकाळी जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. एकदा माझा चष्मा घरी राहिला म्हणून मी अंदाजाने वाचत होते. त्यांनी डाव्या हाताने पेपर माझ्याकडून घेतला, ती ओळ शोधली, तिच्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बरंऽ?" आम्ही दोघंही हसलो.

त्या घरात सगळ्यात आधी मला खटकली ती सर्वनामं. भाऊ आणि भावजय त्यांना नेहमी अहोजाहो करत. झटक्यानंतर महिनाभरात अरेतुरे सुरू झालं. "दादा, हात पुसलास का? शहाणा ना तू?" भावजय त्यांच्यापुढे वाकून, ओठांचा चंबू करून बोले, पाळण्यातल्या बाळाशी बोलावं तसं. "कोण संपवणार सगळं जेवण? आमचं बाळ संपवणार!" साठी उलटलेला माणूस मान खाली घालून घास गिळत असे. गळ्यात लाळेरं बांधलेलं असे. ते लाळेरं त्यांच्याच कपाटातल्या बाइंडिंगच्या कापडाचं होतं, तांबड्या, जाड, उत्तम कापडाचं. चांगल्या ग्रंथांसाठी त्यांनी ते राखून ठेवलेलं. आता त्यावर वरणाचे ओघळ वाळून कडक झाले होते.

'किळस' हा शब्द मुलांच्या निबंधात आला की मी तो खोडून 'नावड' लिहीत असे. माणसांबद्दल तो वापरू नये, असं मला वाटे. त्या वाळलेल्या ओघळांकडे बघताना दुसरा शब्द सुचला नाही. आणि ती किळस ओघळांची नव्हती.

भाऊ दुष्ट नाही असं गल्लीत सगळे म्हणत. तो स्वतःच म्हणे, "बाई, मी एकही गोष्ट दादाला विचारल्याशिवाय करत नाही." ते खरंही होतं. तो कसं विचारतो ते मी एकदा बघितलं.

कोपऱ्यातली प्रेस भंगारवाल्याला द्यायची होती. भंगारवाला दारात उभा. भाऊ काकांच्या खुर्चीशी उकिडवा बसला. "दादा, ती प्रेस काढू या ना? उगाच जागा अडते."

काका गप्प.

"दादा, मी काय म्हणतो? प्रेस देऊन टाकू ना?"

काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. भावाने त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "असं नाही करायचं. तो माणूस खोळंबलाय. देऊ ना? बरं म्हण. बरं म्हण ना, दादा. एकदाच." आवाज मऊ, अगदी लोण्यासारखा. खांद्यावर थोपटणं चालू. पुन्हा तेच. पुन्हा तेच. काकांचे डोळे मिटले. शेवटी थकून, ओठ हलले न हलले असे, शब्द बाहेर पडला. "बरं."

"बघा!" भाऊ उठून भंगारवाल्याला म्हणाला. "त्यांच्या मर्जीनेच चाललंय सगळं."

मी म्हणाले, "अहो, ते गप्प बसले होते. गप्प बसणं म्हणजे नाही म्हणणं."

"बाई, तुम्ही शाळेत परीक्षा घ्यायच्या ना, तसं इथे नका सुरू करू," तो हसून म्हणाला. प्रेस बाहेर ओढताना फरशीवर उठलेला ओरखडा अजून तिथे आहे.

थोड्याच दिवसांत कळलं की भावाने कोर्टात अर्ज केला आहे. दादाला काही समजत नाही, सबब त्याचा पालक म्हणून मला नेमावं. मग पुढची खोली मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने जाणार होती आणि खळकाका गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात. ते शुश्रूषागृह मी पाहिलेलं आहे. तिथे माणसं भिंतीला लावलेल्या खुर्च्यांत ओळीने बसवलेली असतात आणि दिवसभर टीव्ही चालू असतो.

अर्जासाठी डॉक्टर घरी आले, तेव्हा मी पेपर वाचत होते. त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं, "आज वार कोणता?"

"बरं," काका म्हणाले.

"शंभरातून सात गेले, किती?"

"बरं."

"संपलंय सगळं," डॉक्टर काकांच्या डोक्यावरून भावाला म्हणाले. "यात आता काही उरलेलं नाही." यात! काका त्यांच्याकडे बघत होते. भावजयीने चहा आणला. डॉक्टरांनी तो हाडाची पट्टी बाजूला सारून टेबलावर ठेवला. जाताना टेबलावर कपाचं ओलं वर्तुळ राहिलं. काका डाव्या बाहीने ते बराच वेळ पुसत होते.

याच माणसाचं 'बरं' प्रेस विकताना पक्की संमती होतं. पालक नेमायच्या वेळी तेच 'बरं' बिनअर्थाचा आवाज झालं. ज्याला जसं सोयीचं तसं.

भाऊ माझ्या घरी आला. "बाई, कोर्टाचा माणूस येणार आहे घरी. कुटुंबाबाहेरचं कुणीतरी हवंय त्यांना. तुम्ही इतकंच सांगा की दादाला कळत नाही. तुमच्या शब्दाला मान आहे." माझ्या खुर्चीत बसून, माझा चहा पिऊन तो हे म्हणाला. मी येते म्हटलं. काय सांगेन ते त्याने विचारलं नाही.

कोर्टाच्या अधिकाऱ्याला सर्दी झाली होती. तो सारखा नाक पुसत होता आणि लवकर आटपेल तर बरं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्या दिवशी लाळेरं गायब होतं. काकांना इस्त्रीचा सदरा घातला होता. भावजय गोड हसत दाराशी उभी. अधिकाऱ्याने फाइल टेबलावर ठेवली. तिची दोरी सुटलेली, कागद बाहेर आलेले.

"काका, तुमचे हे भाऊ तुमच्या वतीने सगळं ठरवणार. घर, दुकान, तुम्ही राहायचं कुठे. चालेल तुम्हाला?"

काका गप्प. खिडकीकडे बघू लागले.

अधिकारी पेन उघडून थांबला. बाहेरून एक हातगाडी गेली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत कुणी बोललं नाही. ही शांतता भावाला सोसेना. पुढे होऊन, खांद्यावर हात ठेवून, त्या लोण्याच्या आवाजात तो म्हणाला, "बरं म्हण ना, दादा. असं काय करतोस? काल म्हणाला होतास की नाही? बरं म्हण."

अधिकाऱ्याने रुमाल खाली घेतला. "काल म्हणाले होते?"

"हो ना साहेब! म्हणजे... तसं नव्हे. ते काहीही विचारलं तरी बरंच म्हणतात. त्याला अर्थ नसतो."

"मग आत्ता का नाही म्हणाले?"

"आत्ता... आज जरा मूड नाही त्यांचा."

"आणि अर्थ नसतो, तर तुम्हाला ते म्हणून कशाला हवं होतं?"

भावाने काकांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. भावजय म्हणाली, "मी चहा टाकते."

"चहा नको. तुम्ही दोघं जरा आत बसा. दार लावून घ्या." मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "तुम्ही ओळखता यांना?"

"नको असलं की हे बोलत नाहीत," मी म्हणाले. "पहिल्यापासून. तुम्ही फक्त एकदाच विचारा आणि थांबा."

त्याने खुर्ची ओढली, काकांच्या समोर नीट बसला. एकदा शिंकला. "काका, ही खिडकी लावू?" गप्प. "उघडीच ठेवू?" "बरं." "तुमची ही पट्टी मी घेऊन जाऊ?" काकांनी पट्टी उचलून मांडीवर ठेवली. तेव्हा पहिल्यांदा तो हसला. "शुश्रूषागृहात राहायला जाणार?" गप्प. तो थांबला, पुष्कळ थांबला. "इथेच, या खोलीत राहायचंय?"

"बरं." आखूड, ठाम. काम घेताना म्हणत ते. कितीतरी दिवसांनी ऐकलं मी ते.

"आता पहिलाच प्रश्न पुन्हा विचारतो. तुमच्या भावाने तुमचं सगळं ठरवावं का?"

खळकाकांनी डावा हात फाइलवर ठेवला. बाहेर आलेले कागद एका हाताने ओढून आत घेतले. फाइल उभी धरून टेबलावर ठोकली, एकदा, दोनदा, कडा जुळेपर्यंत. दोरी एका हाताने बांधता येईना. मी पुढे झाले तर मानेने मला अडवलं. शेवटी नुसती गुंडाळून दोरीचं टोक खाली खोचलं आणि फाइल हळूच अधिकाऱ्यापुढे सरकवली.

"समजलं," अधिकारी म्हणाला.

निकाल यायला वेळ लागला. अर्ज नामंजूर झाला. काकांचं काकांनीच ठरवायचं, समजून घ्यायला आणि सांगायला मदत लागेल तेवढी करायची. मदतीला कोण हवं हेही त्यांनाच विचारायचं. प्रेस काही परत आली नाही. ती केव्हाच वितळली असणार. त्याच घरात, त्याच मागच्या खोल्यांत भाऊ-भावजय अजून आहेत. गल्ली म्हणते, एवढं केलं बिचाऱ्यांनी आणि हे फळ. भावजय आता ताट आदळून ठेवते. लाळेऱ्यापेक्षा ते परवडलं.

निकाल घेऊन भाऊ दुकानात आला, तेव्हा आम्ही मुलांचं एक पुस्तक चिकटवत होतो. मी पुठ्ठा धरला होता, काका डाव्या हाताने खळ लावत होते. त्याने कागद टेबलावर फेकला.

"घ्या! झालं मनासारखं? आता तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही जाणा आणि तुमचं दुकान जाणो!"

रागाने का होईना, घरात अहोजाहो परत आलं होतं. काकांनी पट्टीने पुठ्ठ्याची कड दाबली, कागद खळीपासून दूर सारला आणि वर न बघता म्हणाले,

"बरं."